तारण घरांचे लिलाव आणि बोईसरचा बाजार

मुंबईहून निघणाऱ्या मराठी दैनिकांची आतली पाने नियमाने चाळणाऱ्या वाचकास गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट मजकुराचा परिचय झाला असेल. 'कब्जा सूचना' असा मथळा, त्याखाली कंसात 'स्थावर मिळकतीकरिता', आणि त्याखाली अतिशय बारीक टंकात एक कोष्टक. त्यात पहिल्या रकान्यात कर्जदाराचे नाव, त्याखाली सहकर्जदाराचे, म्हणजे बहुधा पत्नीचे किंवा आईचे. पुढे मागणी सूचनेची तारीख. पुढे थकीत रक्कम व 'त्यावरील पुढील व्याज'. आणि शेवटच्या रकान्यात मिळकतीचे वर्णन: सदनिका क्रमांक अमुक, दुसरा मजला, चटई क्षेत्र इतके चौरस फूट, गट क्रमांक अमुक, मौजे बोईसर, किंवा सरावली, किंवा उमरोळी, तालुका व जिल्हा पालघर. काही महिन्यांनी हीच सदनिका दुसऱ्या एका जाहिरातीत दिसते; तेथे तिच्यापुढे 'राखीव किंमत' आणि 'बयाना रक्कम' असे दोन आकडे असतात, व सर्वांत वर 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे या तत्त्वावर' विक्री होईल, असे छापलेले असते. या दोन जाहिरातींच्या मधल्या काळात एका कुटुंबाचे काय झाले, हे त्या कोष्टकात लिहिलेले नसते; आणि त्या विक्रीमुळे शेजारच्या घरांचे, गावाच्या बाजाराचे व पुढच्या खरेदीदाराचे काय होते, याचा विचारही सहसा कोणी करीत नाही. तो येथे करावयाचा आहे.

पालघर तालुक्याच्या या पट्ट्याची घडण ध्यानात घेतल्यावाचून हा विषय उलगडणार नाही. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले. औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले. आणि जे बोईसर एके काळी भातशेतीच्या मधोमध असलेले लहानसे स्थानक होते, ते खानदेश-मराठवाड्यापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतच्या मजुरांचे गाव झाले. वसाहतीच्या परिसरातील पाम, टेंभी, सालवड, कुंभवली, कोलवडे, पास्थळ ही गावे कागदोपत्री ग्रामपंचायतीच राहिली. वस्ती मात्र शहराची झाली. आरंभीचा कामगार चाळीत राहिला. एका खोलीत तिघे-चौघे, पाळी बदलली की अंथरूणही बदलायचे, अशा रीतीने त्याने दहा-दहा वर्षे काढली. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ज्यांना विरार-नालासोपाऱ्यातही घर परवडेनासे झाले होते त्या मुंबईकरांची दृष्टी उमरोळी, बोईसर व पालघर पूर्वेकडे वळली. चार मजल्यांच्या इमारती शेतांतून वर आल्या. 'वन आर.के.' आणि 'वन बी.एच.के.' हे शब्द पाड्यापाड्यांवर रूढ झाले.

या घरांचे ग्राहक दोन प्रकारचे होते. एक, कारखान्यातला किंवा ठेकेदाराकडचा कामगार, रिक्षाचालक, किराणा दुकानदार, शिवणकाम करणारी स्त्री: ज्यांना स्वतःचे छप्पर हवे होते. दुसरा, मुंबईत राहून येथे पैसा गुंतवणारा: ज्याला भाव चढेल अशी आशा होती. २०१५ च्या जून महिन्यात सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास सुमारे २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळे, आणि २०२२ च्या मार्चपर्यंत चाललेल्या त्या सवलतीने पहिल्या प्रकारच्या ग्राहकास मोठा आधार दिला, हे निःसंशय. परंतु ज्याच्यापाशी पगाराची पावती नाही, ज्याचा पगार अर्धा रोख व अर्धा खात्यात येतो, ज्याने आयकराचे विवरण कधी भरले नाही, त्याला राष्ट्रीयीकृत बँक दारात उभे करीत नाही. त्याच्याकडे गृहवित्त कंपन्यांचे प्रतिनिधी आले, त्यांनी त्याचे दुकान पाहिले, त्याची शिलाई यंत्रे मोजली, शेजाऱ्यांना विचारले आणि कर्ज दिले. हे कार्य उपयुक्त होते, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र या कर्जाचा व्याजदर बँकेच्या दराहून दोन ते चार टक्क्यांनी चढा असे, आणि कर्जाच्या दीर्घ मुदतीत या दोन-चार टक्क्यांचे काय होते, हे सही करणाऱ्यास बहुधा कोणी समजावून सांगितलेले नसे.

ते येथे आकड्यांनिशी सांगणे अगत्याचे आहे. समजा, अठरा लाखांच्या सदनिकेसाठी पंधरा लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने दहा टक्के दराने घेतले. मासिक हप्ता सुमारे १४,४७५ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १२,५०० रुपये केवळ व्याजाचे असतात. मुद्दलात जेमतेम दोन हजारांची घट होते. तीन वर्षे एकही हप्ता न चुकवता कर्जदाराने पाच लाख एकवीस हजार रुपये भरले, तरी मुद्दल उतरते अवघे ८२ हजारांच्या आसपास. म्हणजे चौथ्या वर्षी कारखाना बंद पडला आणि हप्ते थांबले, तर त्याच्या डोक्यावर अजून चौदा लाखांहून अधिक कर्ज उभे असते, आणि पाच लाख कोठे गेले हे त्याला कळत नाही. हाच दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेबारावर गेला, तर नव्या पंधरा लाखांवरचा हप्ता १७,००० च्या वर जातो. महिना बावीस-पंचवीस हजार मिळवणाऱ्या, त्यातही जादा पाळीच्या मजुरीवर ज्याचा भरवसा आहे अशा माणसाच्या घरात ही अडीच हजारांची वाढ म्हणजे मुलांच्या शाळेची फी असते.

आणि दर वाढले. २०२० च्या वसंतात टाळेबंदी आली. मार्च ते ऑगस्ट हप्ते स्थगित ठेवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली, पण त्या काळातले व्याज चढतच राहिले. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा पाळ्या कमी झालेल्या होत्या. त्यातून सावरतो न सावरतो तोच मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. पुष्कळ वित्तसंस्थांनी हप्ता न वाढवता मुदतच वाढवली. वीस वर्षांचे कर्ज पंचवीस-अठ्ठावीस वर्षांचे झाले आणि कर्जदाराला त्याचा पत्ता खातेउतारा मागितल्यावर लागला. असे परस्पर करू नये, कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडू द्यावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला. २०२५ मध्ये दर टप्प्याटप्प्याने पुन्हा उतरले, पण रेपोसारख्या बाह्य दराशी कर्ज जोडण्याची सक्ती बँकांवर आहे, गृहवित्त कंपन्यांवर नाही. त्यामुळे ज्याला दिलाशाची गरज सर्वाधिक, त्याच्यापर्यंत तो उशिरा आणि अपुरा पोहोचतो.

या साऱ्याच्या मुळाशी एकच विसंगती आहे, असे माझे मत आहे. बोईसरच्या घराची किंमत उद्याच्या भरवशावर ठरते आणि त्याचा हप्ता आजच्या मजुरीतून जातो. इमारतीच्या जाहिरातीत लोकलमार्गाचे चौपदरीकरण असते, अहमदाबादच्या अतिजलद रेल्वेचे बोईसर स्थानक असते, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे ज्याचे भूमिपूजन झाले त्या वाढवण बंदराचा तर प्रत्येक वाक्यात उल्लेख असतो. ही कामे होतील तेव्हा होतील आणि त्यांचा लाभही होईल. पण ठेकेदाराच्या मस्टरवरचा कामगार ज्या दिवशी कामावरून कमी होतो, त्या दिवशी त्या बंदराचा त्याला काहीच उपयोग नसतो.

असा प्रसंग महाराष्ट्रात पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, दख्खनच्या कापसाचे भाव अतोनात चढले, आणि त्या चढलेल्या भावांच्या विश्वासावर सावकारांनी कुणब्यांना सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारने मात्र फेरआकारणी करून शेतसारा वाढवला. दिवाणी न्यायालयांतून हुकूमनामे निघू लागले, जमिनी लिलावात जाऊ लागल्या, आणि बोली लावणारा दुसरा कोणी नसल्याने सावकारच त्या कवडीमोलाने घेऊ लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले. त्यांनी माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर व खतावण्यांवर अधिक राग काढला. त्या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, ज्यान्वये कर्जरोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे खरा व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. आजच्या गृहवित्त कंपनीस सावकाराच्या पंक्तीस बसवण्याचा येथे हेतू नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण आहे, तिचे हिशेब छापील आहेत. परंतु चढत्या भावावर दिलेले कर्ज आणि उतरत्या मिळकतीतून करावयाची फेड, हे दुखणे तेच आहे.

आता आजचा कायदा कसा चालतो, ते पाहू. लागोपाठ नव्वद दिवसांवर हप्ता थकला म्हणजे ते खाते अनुत्पादक ठरते. पुढचा मार्ग २००२ सालच्या एका केंद्रीय कायद्याने आखून दिला आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्यास 'सरफेसी' म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य हे की, तारण ठेवून घेणाऱ्या धनकोला दिवाणी न्यायालयात न जाता स्वतःच वसुली करता येते. प्रथम कलम १३(२) ची साठ दिवसांची मागणी सूचना निघते. कर्जदाराने तिला लेखी हरकत घेतली, तर धनकोने पंधरा दिवसांत सकारण उत्तर दिले पाहिजे. साठ दिवस उलटल्यावर 'सांकेतिक ताबा' घेतला जातो: दारावर कागद चिकटवला जातो आणि सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, सूचना छापली जाते. लेखाच्या आरंभी वर्णिलेले कोष्टक ते हेच. या टप्प्यावर कुटुंब घरातच असते. प्रत्यक्ष ताबा हवा असेल तर कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो, आणि त्यांच्या हुकुमाने तहसीलदार किंवा त्यांच्या हाताखालचा अधिकारी पोलीस बंदोबस्तात दारी येतो.

त्या दिवसाची रीत ठरलेली आहे. दोन पंच उभे केले जातात. घरातील वस्तूंची यादी होते: लोखंडी कपाट एक, गॅसची शेगडी एक, प्लास्टिकच्या खुर्च्या चार, देव्हारा एक. यादीवर सही घेतली जाते. घरातील माणसे बाहेर येतात, वित्तसंस्थेचा माणूस स्वतः आणलेले कुलूप लावतो, त्यावर कागदी मोहोर चिकटवतो आणि कुलपाचे छायाचित्र घेतो. हा सारा प्रकार दोन तासांत आटोपतो. जिन्यात उभे असलेले शेजारी पुष्कळदा त्याच वित्तसंस्थेचे कर्जदार असतात, कारण एकेका इमारतीत एकाच संस्थेची कर्जे वाटली गेलेली असतात. आणि म्हणूनच एका घराला लागलेल्या कुलपाचा परिणाम त्या एका घरापुरता राहत नाही.

लिलावाच्या नियमांकडे पाहिले म्हणजे लिलावात घर स्वस्त का जाते, हेही स्पष्ट होते. राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाच्या अहवालावरून ठरते. तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. पहिल्या खेपेस बोली आली नाही तर पुढच्या खेपेस पंधरा दिवस पुरतात, आणि दर फेरीस राखीव किंमत उतरवण्याचा प्रघात आहे. ज्याची बोली मंजूर होते त्याला बयाना धरून पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेली पंचाहत्तर टक्के पंधरा दिवसांत. ही मुदत लेखी संमतीने वाढली तरी तीन महिन्यांपलीकडे जात नाही. एवढी रोकड हाताशी असणारा माणूस बोईसरच्या चाळीत राहत नाही. घर ज्याला राहण्यासाठी हवे आहे, तो या बाजारातून आपोआप बाहेर पडतो आणि घर ज्याला फिरवण्यासाठी हवे आहे, तो राहतो. 'जे काही आहे' या शब्दांत संस्थेची थकलेली देखभाल वर्गणी, ग्रामपंचायतीची घरपट्टी, वीजबिल, आणि कधी आत राहणारा भाडेकरूदेखील येतो. या सर्वांची वजावट करूनच तो बोली लावतो.

यावरून पुढचा मुद्दा निघतो, आणि सामान्य वाचकाने तोच नीट ध्यानात धरावा अशी माझी विनंती आहे. लिलावाची किंमत ही बाजाराची किंमत नसते. तरीही ती तशी वापरली जाते. ज्या इमारतीत दोन सदनिका लिलावात गेल्या, त्या इमारतीत तिसरी विकावयास निघालेल्या माणसाला प्रत्येक ग्राहक तोच आकडा ऐकवतो. दलाल तो आकडा तोंडपाठ ठेवतात. विक्री प्रमाणपत्राची नोंदणी झाली की तो आकडा अभिलेखात येतो आणि पुढच्या मूल्यनिर्धारकाच्या दृष्टीस पडतो. त्यामुळे त्या इमारतीतील घरावर कर्ज मिळणे कठीण होते, कर्ज मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही, आणि जो गृहस्थ वेळेवर हप्ते भरत आला त्याचेही घर त्याच्या कर्जाहून हलके होते. दुसरीकडे नव्या इमारतींचे भाव मात्र उतरत नाहीत, कारण विकासकाने ते वाढवणच्या आशेवर बांधलेले असतात. नवे घर व जुने घर यांच्या भावात अशी दरी पडते. भाडी तर उतरण्याऐवजी टिकून राहतात: ज्या कुटुंबाचे घर गेले त्याचा कारखाना, मुलांची शाळा, रेशनकार्ड सारे येथेच असते, तेव्हा ते गाव सोडत नाही, पाड्यावर खोली घेते. घरे कुलूपबंद आणि खोल्यांना मागणी, ही दोन्ही दृश्ये एकाच गावात एकाच वेळी दिसण्याचे कारण हे आहे. बंद सदनिकांची वर्गणी थांबते, मग संस्थेला पाण्याचा पंप दुरुस्त करता येत नाही, गच्चीची गळती थांबवता येत नाही, आणि इमारत चार-पाच वर्षांतच जुनाट दिसू लागते.

पालघरात याला आणखी एक पदर आहे. हा जिल्हा आदिवासीबहुल. १९४५ सालच्या वारली लढ्यापासून जमिनीचा आणि ऋणाचा प्रश्न येथे धगधगत आलेला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम ३६ व ३६-अ यांची तरतूद आहे, आणि बिनशेती परवानगीचाही दंडक आहे. या दोहोंकडे डोळेझाक करून उभ्या राहिलेल्या इमारतीतील सदनिकेवर कर्ज मिळाले, याचा अर्थ तिचे हक्क निर्दोष आहेत असा होत नाही. लिलावात घर घेणाऱ्याने सातबारा, फेरफार, बिनशेतीचा हुकूम आणि भोगवटा प्रमाणपत्र ही चार कागदपत्रे स्वतः पाहावीत. हुकूम खरा आहे की बनावट, याची खातरजमा तो काढणाऱ्या कार्यालयातच करावी. वित्तसंस्था त्याची हमी देत नाही, आणि तसे ती जाहिरातीत छापतेही.

२००८ साली अमेरिकेत घरांच्या जप्तीची लाट आली, तेव्हा तेथील काही राज्यांत घराच्या किल्ल्या बँकेकडे पाठवून मोकळे होण्याची सोय कर्जदाराला होती. कर्जाची जबाबदारी घरापुरतीच असे. आपल्याकडे तसे नाही. लिलावात कर्जाहून अधिक रक्कम आली तर ती कर्जदाराला परत मिळालीच पाहिजे, पण कमी आली तर उरलेली तूट त्याच्याकडूनच वसूल करण्याचा धनकोचा अधिकार शाबूत राहतो. घर गेले, तरी कर्ज उरतेच. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या पत्नीचे आणि जामीनदार राहिलेल्या मेहुण्याचेही नाव थकबाकीदारांत राहते. पतमाहिती संस्थांच्या नोंदीत तो शिक्का बसल्यावर पुढे दुचाकीसाठीही कर्ज मिळणे दुरापास्त होते.

म्हणून उशीर करू नये. दोन हप्ते चुकले की, नोटीस येण्याची वाट न पाहता, शाखेत जाऊन मुदतवाढीचा किंवा पुनर्रचनेचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. हप्ता यापुढे झेपणारच नाही अशी खात्री झाली असेल, तर धनकोच्या संमतीने घर आपण होऊन विकावे: खुल्या बाजारात, राहत्या स्थितीत, कर्ज घेऊन येणाऱ्या साध्या ग्राहकाला विकलेल्या घराची किंमत लिलावातल्या किमतीहून बहुतेक वेळा चांगलीच येते. सारी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे, या समजुतीत असलेली कुटुंबे तेथेच फसतात. कारवाईत नियमभंग झाला असेल तर पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दाद मागण्यापूर्वी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची मूळ अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात रद्द ठरवली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

न्यायाधिकरण मुंबईला, आणि बोईसरचा कामगार एका दिवसाची मजुरी बुडवून तेथे जाणार, हीच खरी अडचण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना विधी सेवा समितीमार्फत विनामूल्य वकील मिळतो. कब्जा सूचनेच्या कोष्टकाखाली ही एक ओळ, समितीच्या पत्त्यासह, छापण्याची सक्ती व्हावी, आणि तीच सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावी. मुंबईच्या दैनिकात छापलेली सूचना पाम आणि टेंभीतल्या ज्या घरांसाठी असते, त्या घरांत ते दैनिक येत नाही.